रक्त वाढलं, म्हणजे बरंच झालं?

आपल्याकडे रक्त वाढणं ही कायम चांगली बातमी समजली जाते. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे हे सगळे त्यासाठीचेच उपाय. त्यामुळे एखाद्या पुरुषाच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन १८ आलं की घरचे खूश होतात. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हा आकडा पाहून डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते.

वागळे इस्टेटसारख्या वसाहतीत हा विषय आता फार दूरचा राहिलेला नाही. यंत्रशाळा आणि पॅकिंगचे गाळे जुने, त्यांच्या शेजारी आयटी कंपन्या नव्या. रात्रपाळी दोन्हीकडे. किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर या भागांत जिमही भरपूर. टेस्टोस्टेरॉन घेणारे पुरुष साधारण दोन वाटांनी येतात. काहींना ते खरोखर लागतं: जन्मतः क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेले, मोठेपणी झालेल्या गालगुंडात वृषणांना इजा झालेले, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची शस्त्रक्रिया झालेले. दुसऱ्या वाटेने येणाऱ्यांना थकवा आला किंवा दंड फुगवायचे होते म्हणून कुणीतरी सुई टोचलेली असते, तीही तपासणीशिवाय. पहिल्यांना औषध सोडून चालत नाही. दुसऱ्यांना बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. रक्त दोघांचंही वाढू शकतं.

हे होतं कसं? तांबड्या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. त्या वाढवण्याचा निरोप मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाच्या संप्रेरकामार्फत येतो. टेस्टोस्टेरॉनमुळे हा निरोप जोरात जाऊ लागतो. शिवाय यकृतातलं हेपसिडिन कमी होतं. हेपसिडिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या कोठाराचा रखवालदार. तो ढिला पडला की मज्जेला हवं तेवढं लोह मिळतं. मागणीही वाढली आणि कच्चा मालही, मग उत्पादन वाढणारच. वयात आल्यावर मुलांचं हिमोग्लोबिन मुलींपेक्षा जास्त होतं, त्यामागेही मुख्यतः हेच संप्रेरक असतं.

सीबीसीच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनच्या खाली ‘पीसीव्ही’ किंवा ‘हिमॅटोक्रिट’ अशी एक ओळ असते. ती सहसा कुणी वाचत नाही. रक्ताच्या एकूण आकारमानात पेशींचा वाटा किती टक्के, हे ती सांगते. पुरुषांत तो ढोबळमानाने ४० ते ५० असतो. तो जसा वाढतो तसं रक्त दाट होतं, आणि दाट रक्त बारीक वाहिन्यांतून सावकाश सरकतं. कधी डोकं जड वाटतं, चेहरा लाल होतो, नजर अंधुक होते. पण बऱ्याच जणांना काहीही जाणवत नाही, आणि खरी अडचण तीच.

अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार पीसीव्ही आधीपासूनच ४८ च्या वर असेल तर हे उपचार सुरू करू नयेत. सुरू केल्यानंतर तीन ते सहा महिन्यांत आणि पुढे दर वर्षी सीबीसी करावी. आकडा ५४ च्या वर गेला तर औषध थांबवावं, तो खाली येऊ द्यावा आणि मग कमी मात्रेने पुन्हा सुरू करावं. ५१-५२ वर असताना घाबरायचं कारण नाही, पण वर्षभर थांबायचंही नाही. पाणी कमी पिऊन, भट्टीजवळ पाळी करून थेट लॅबमध्ये गेलं तरी आकडा थोडा फुगतो. म्हणून नीट पाणी पिऊन तपासणी पुन्हा करून घ्यावी.

औषधाच्या प्रकारानेही फरक पडतो. २५० मिलिग्रॅमचं तेलातलं एनंथेट इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी घेतलं की पहिले काही दिवस पातळी उंच उडते आणि पुढे घसरत जाते. अशा चढउताराच्या इंजेक्शनांत रक्त जास्त वाढताना दिसतं. जेलमध्ये हे प्रमाण कमी असतं. मात्रा विभागून कमी अंतराने देणं किंवा प्रकार बदलणं, हे डॉक्टर ठरवू शकतात.

पण सगळं खापर इंजेक्शनवर फोडून चालणार नाही. हा माणूस विडी-सिगारेट ओढतो का? रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकतो, दिवसा मशीनवर पेंगतो का? झोपेत प्राणवायू कमी पडत असेल तर मूत्रपिंडं आपणहून एरिथ्रोपोएटिन वाढवतात, आणि टेस्टोस्टेरॉन त्यात भर घालतं. घोरण्याबद्दल बायकोला विचारलं तर निम्मं निदान तिथंच होतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही वाढल्या असतील, किंवा औषध थांबवूनही आकडा उतरत नसेल, तर पॉलिसायथेमिया व्हेरा या मज्जेच्या आजारासाठी जॅक-२ ही जनुकीय चाचणी करावी लागते.

‘मग रक्तदान करून टाकतो की,’ असं बरेच जण म्हणतात. गणपतीत चौकाचौकात शिबिरं असतातच. रक्त काढल्याने आकडा उतरतो हे खरं, पण मात्रा तीच राहिली तर तो पुन्हा चढतो. वारंवार रक्त दिल्याने लोहाचा साठा आटतो, आणि पीसीव्ही ठीक दिसूनही माणूस थकलेलाच राहतो. मग तो थकवा घालवायला आणखी टेस्टोस्टेरॉन मागतो! रक्त काढायची गरज आहे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्यावं. शिबिरात गेलंच, तर हे इंजेक्शन चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांपासून लपवू नये. रक्त पातळ व्हावं म्हणून मनाने ॲस्पिरिन घेणंही चुकीचं. त्याने पेशी कमी होत नाहीत, पोटात रक्तस्राव मात्र होऊ शकतो.

धोका नेमका किती? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ या अभ्यासात ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका जास्त असलेले पाच हजारांहून अधिक पुरुष होते. जेल वापरणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचं प्रमाण जास्त आढळलं. हे निष्कर्ष देखरेखीखाली दिलेल्या जेलचे आहेत. जिममधून आणलेल्या बाटलीला ते लागू करता येत नाहीत. त्या बाटलीत काय आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी थांबतंच. लग्न ठरलेल्या पंचविशीतल्या मुलाला हे सांगितलं की पीसीव्हीपेक्षा त्याचाच धक्का जास्त बसतो.

एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा एका बाजूचा हात लुळा पडला, तर लॅबच्या रिपोर्टची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. रुग्णालयात इंजेक्शनचं नाव आणि शेवटची तारीख सांगावी. संकोचापोटी नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते.