मालिश आणि मानसिक आरोग्य

मालिश म्हणजे तेल लावून अथवा तेलाविना अंग चोळणे, दाबणे व रगडणे ही क्रिया होय. आयुर्वेदात अंगास तेल लावण्याला ‘अभ्यंग’ म्हणतात. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग नित्य करावा, विशेषतः डोके, कान व तळपाय यांना करावा, असे सांगितले आहे. श्रमपरिहार आणि सुखाची झोप ही त्याची फळे तेथे नमूद आहेत; अजीर्ण झालेल्यास मात्र तो वर्ज्य मानला आहे.

नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान वर्षातून एकदाच येते. मालिशीची खरी परंपरा टिकली ती बाळंतिणीच्या खोलीत. लातूर जिल्ह्यातील मुरुडसारख्या गावांत माहेरी आलेल्या लेकीला आणि बाळाला न्हाऊ-माखू घालण्याची रीत आहे. तेल लावणारी जाणती बाई रोज येते, अंग चोळता चोळता विचारपूस करते. हे बोलणे तेलाइतकेच मोलाचे असावे, असे मानण्यास जागा आहे.

मालिशीविषयीच्या ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. एका वेळच्या मालिशीने तात्पुरती चिंता व रक्तदाब कमी होतात, तर अनेक वेळा केल्यास नैराश्याची लक्षणेही सौम्य होतात, असे त्यात आढळले. असा परिणाम का होतो, हे पूर्णपणे उलगडलेले नाही. हळुवार स्पर्शाची जाणीव मेंदूकडे नेणारे विशिष्ट मज्जातंतू त्वचेत असतात. मालिशीने ‘कॉर्टिसॉल’ हे ताणाशी निगडित संप्रेरक खूप घटते, हा लोकप्रिय दावा मात्र पुढील संशोधनात टिकला नाही.

प्रसूतीनंतर पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे हे सामान्य आहे. परंतु ही उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो प्रसूतिपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो. ‘ओली बाळंतीण आहे, होईल बरी’ असे म्हणून पुष्कळदा त्याकडे दुर्लक्ष होते. अशा वेळी मालिश हा पूरक उपाय ठरतो, समुपदेशन वा औषधोपचाराचा पर्याय नव्हे. शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

बाळंतिणीचा एकच पाय सुजून दुखत असल्यास शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. असा पाय चोळू नये. डॉक्टरांना तातडीने दाखवावे.