निवतीच्या समुद्रातील कृत्रिम भित्तिका : पर्यटनाला लाभ, मासेमारीचे काय?

नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही पोलंडमध्ये बांधलेली युद्धनौका गोव्याशेजारील सिंधुदुर्गात, निवतीच्या समुद्रात बुडवून तेथे सागरी संग्रहालय व कृत्रिम भित्तिका उभारण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आखली.

वाळूच्या तळावर शैवाल, कालवे, प्रवाळ यांना चिकटून वाढण्यास कठीण पृष्ठभाग मिळत नाही. बुडालेले पोलाद तो पुरवते. त्यांच्या आश्रयाला लहान मासे येतात, त्यांच्यामागे गोब्रा, तांबोशी असे मोठे मासे आणि माशांमागोमाग पाणबुडे पर्यटक. त्यातून होडीवाले, मार्गदर्शक, खानावळी व निवासव्यवस्था यांना उत्पन्न मिळते. अमेरिकेने 2006 मध्ये फ्लोरिडालगत ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू नौका याच हेतूने बुडवली.

मात्र भित्तिका मासे वाढवते की विखुरलेले मासे केवळ एकत्र आणते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मासे नुसतेच एकवटले आणि त्यांवर जाळी पडली, तर साठा लवकर संपतो. म्हणूनच नौका बुडवण्यापूर्वी तिच्यातील तेल व विषारी द्रव्ये काढणे जितके आवश्यक, तितकेच भोवतालच्या मासेमारीचे नियम पारंपरिक मच्छीमारांना विश्वासात घेऊन ठरवणेही.