बिऱ्हाड हलवा, पण लेकराची फाईल मागे ठेवू नका

मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. रत्नागिरीहून आम्हाला फोन आला. "जयभीम ताई. पोराचे हातपाय लय दुखून राह्यले. रात्रभर झोपला नाई."

बोलत होती दिग्रसमधल्या आपल्याच वस्तीतली लेक. लग्न झाल्यापासून पुण्यात होती. नवऱ्याला रत्नागिरीत बांधकामावर काम मिळालं, म्हणून मे महिन्यात सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. मुलगा 9 वर्षांचा. त्याला सिकलसेल, एसएस प्रकारचा. आम्ही विचारलं, "फाईल कुठं आहे?"

"कागदं तं पुण्यालेच राह्यले, ताई. सामानात जागा नव्हती."

शेगडी गेली, टीव्ही गेला, फाईल राहिली. नशीब असं की जुना रिपोर्ट दिग्रसला आजीच्या ट्रंकेत होता. त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला. तो पाहिल्याबरोबर डॉक्टरांनी सलाईन आणि दुखण्याची औषधं सुरू केली. चौथ्या दिवशी पोरगा घरी आला.

हा आजार विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात जास्त आहे. आपल्याकडे दवाखान्यात नाव काढलं की सिस्टर समजून जातात. पुण्यात मोठं रुग्णालय होतं, जुनी फाईल होती. कोकणात मात्र याचे पेशंट कमी. हातपाय दुखतात एवढंच सांगितलं, तर पहिल्या तपासणीत सिकलसेल ध्यानात येईलच असं नाही. म्हणून दवाखान्यात पाऊल टाकताच आपलं पहिलं वाक्य हेच हवं: "याला सिकलसेल आहे, एसएस."

हवाही वेगळी. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण 900 ते 1000 मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत 3000 च्या वर. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम खूप जातो आणि अंगातलं पाणी कमी होतं. पाणी कमी झालं की विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक नसांमध्ये अडकतात आणि कळा सुरू होतात. पावसात भिजून अंग गार पडलं तरी तेच होतं.

निघण्याआधी

रिपोर्ट, सिकलसेलचं कार्ड, लसीकरणाचं कार्ड, रक्तगट आणि चालू औषधांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. ती पिशवी सामानाच्या गाडीत टाकू नका, आईच्या हातात ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो दोन मोबाईलमध्ये असू द्या. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर किमान महिनाभराच्या गोळ्या मागून घ्या. ही गोळी मनानं बंद करायची नाही आणि रक्ततपासणीही चुकवायची नाही.

पोचल्यावर

पहिल्याच आठवड्यात, मूल चांगलं असतानाच, जिल्हा रुग्णालयात नेऊन नाव नोंदवा. कळा सुरू झाल्यावर ओळख काढत बसू नका. शाळेत बाईंना सांगा की याला पाण्याची बाटली जवळ लागते आणि लघवीला वारंवार जावं लागतं, अडवू नका. रविवारी विहारात जा. दवाखान्याची वाट दाखवणारं आणि वेळेला रक्त देणारं माणूस तिथं भेटतं.

अपंगांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही पिशवीत ठेवा, ते देशभर चालतं.

थांबू नका

थोडं दुखत असेल तर भरपूर पाणी पाजा, कोमट शेक द्या, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी द्या. बर्फ लावू नका. पण 101 च्या वर ताप, छातीत दुखणं, दम लागणं, अचानक पांढरं पडणं, पोटाची डावी बाजू फुगणं, हात-पाय किंवा तोंड वाकडं होणं, यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

त्या लेकीनं शेवटी आम्हाला एक गोष्ट सांगितली. फाईल फक्त जागेअभावी राहिली नव्हती. नव्या गावात घरमालकाला आजार कळला तर खोली मिळणार नाही, अशी भीती होती. माय, सिकलसेल आईबापाकडून रक्तातून येतो. शेजारी बसून, एका ताटात जेवून तो कोणालाच होत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही. लपवला तर जीव लेकराचा जातो.

ज्यांची लेकरं पुण्या-मुंबईला, कोकणात गेलीत, त्यांनी आजच ट्रंक उघडावी. जुना रिपोर्ट सापडला तर फोटो काढून त्यांना पाठवा. आजीनं जपलेल्या एका कागदानं हा पोरगा वाचला.