माहितीच्या कोठारांविषयीचे गैरसमज

१४ मे २०२१ च्या पहाटे आयर्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेचे, म्हणजे एचएसईचे, सर्व्हर एकामागून एक कुलूपबंद होऊ लागले. फायली जागच्या जागी होत्या, पण उघडत नव्हत्या. ‘कोंटी’ या टोळीने त्या सांकेतिक लिपीत गुंडाळल्या होत्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली होती. एचएसईने देशभरातल्या आपल्या सगळ्या संगणक यंत्रणा बंद केल्या. डॉक्टर आणि परिचारिका कागद-पेनावर आल्या, क्ष-किरण विभागांना जुन्या प्रतिमा बघता येईनात. डब्लिनच्या रोटंडा प्रसूती रुग्णालयाला बाह्यरुग्ण तपासणी ३६ आठवडे किंवा त्यापुढच्या गर्भवतींपुरती मर्यादित करावी लागली. सरकारने खंडणी द्यायला नकार दिला.

मोठ्या संस्था माहिती साठवण्यासाठी प्रचंड खर्च करतात आणि खरेदीच्या वेळी तुलना होते ती प्रामुख्याने क्षमता, वेग आणि किंमत यांची. आयर्लंडचा अनुभव सांगतो की ही तुलना अपुरी आहे. संकटात एकाच वेळी काय काय निकामी होईल आणि ते परत उभं राहायला किती वेळ लागेल, हे प्रश्न आधी विचारायला हवेत. ते विचारले जात नाहीत, कारण काही गैरसमज घट्ट बसलेले आहेत.

सर्वांत घातक गैरसमज असा, की माहिती अनेक डिस्कवर आहे म्हणजे बॅकअप झालाच. १९८८ साली बर्कलेच्या संशोधकांनी ‘रेड’ या नावाने मांडलेली रचना डिस्क बिघडण्यापासून वाचवते. माहितीचे तुकडे आणि त्यांची पडताळणीची बेरीज अनेक डिस्कवर विखुरली की एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. ‘रेड ६’मध्ये दोन गेल्या तरी चालतं. पण कुणी चुकून फाइल पुसली तर ती साऱ्या डिस्कवरून तत्क्षणी पुसली जाते. दुसऱ्या इमारतीतल्या यंत्राकडे क्षणोक्षणी प्रत पाठवणारं रेप्लिकेशनही तितकंच आज्ञाधारक असतं. खंडणीखोराने बिघडवलेली फाइल ते तितक्याच तत्परतेने पलीकडे पोचवतं.

स्नॅपशॉटचं काय? ठरावीक क्षणीची स्थिती गोठवून ठेवणारी ही सोय खरोखर उपयोगी आहे, मात्र स्नॅपशॉट बहुधा त्याच यंत्रात राहतात. प्रशासकाचा पासवर्ड हल्लेखोराच्या हाती लागला तर तो आधी तेच पुसतो. म्हणून दोन यंत्रणांची तुलना करताना ‘स्नॅपशॉट आहेत का’ एवढं विचारून भागत नाही. ठरलेल्या मुदतीपूर्वी ते प्रशासकालाही पुसता येणार नाहीत अशी व्यवस्था आहे का, हे विचारायला हवं. एचएसईच्या बाबतीत १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने मेलमधली एक्सेल फाइल उघडली होती. तिथून हल्ला उघड होईपर्यंत सुमारे आठ आठवडे गेले. इतके दिवस आत वावरणाऱ्याला बॅकअप कुठे आहे हे शोधायला भरपूर सवड मिळते.

इथेच दुसरा गैरसमज येतो: टेप कालबाह्य झाली. पीडब्ल्यूसी या सल्लागार संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात नोंदवलं की, एचएसईच्या बॅकअपची प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या टेपवर फक्त अधूनमधून घेतली जात होती. टोळीने पुढे किल्ली दिली नसती तर बरीच माहिती कायमची गेली असती. २०२१ मध्येच बाजारात आलेल्या एलटीओ-९ टेपवर दाबून न बसवता १८ टेराबाइट माहिती मावते. कपाटात ठेवलेली टेप वीज खात नाही आणि इंटरनेटवरून तिला कुणी हात लावू शकत नाही. वेगाचा मुद्दा मात्र खरा आहे. पूर्ण वेगाने वाचली तरी अशी एक टेप रिकामी व्हायला सुमारे साडेबारा तास लागतात.

प्रत दूर आणि वेगळ्या हातांत असणं म्हणजे काय, हे आयर्लंडला संगणकाच्या फार आधी कळलं आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी अभिलेखागार जळालं आणि अनेक शतकांचे दस्तऐवज राख झाले. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने त्यातला काही भाग आभासी रूपात पुन्हा उभा करता आला. कारण कधी काळी केलेल्या नकला इतर देशांतल्या आणि इतर संस्थांच्या दप्तरांत शाबूत होत्या.

आता रचनेकडे वळू. ‘सॅन’ म्हणजे उच्च, ‘नॅस’ म्हणजे मध्यम आणि ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे स्वस्तातलं, अशी उतरंड अनेकांच्या डोक्यात असते. ही प्रतवारी नाही, कामाची वाटणी आहे. सॅन सर्व्हरला डिस्कचे कोरे ठोकळे देतं. कुठे काय लिहायचं ते सर्व्हर ठरवतो, म्हणून रुग्णनोंदणीच्या डेटाबेससारख्या सतत बदलणाऱ्या माहितीला ते शोभतं. नॅस फायली आणि फोल्डर देतं, त्यामुळे विभागाची सामायिक कागदपत्रं तिथे ठेवावीत. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये प्रत्येक वस्तूला एक ओळख आणि तिच्याविषयीची माहिती जोडलेली असते. वस्तूचा मधलाच भाग बदलता येत नाही, ती पूर्ण नव्याने लिहावी लागते. वर्षानुवर्षं जपायच्या, पण न बदलणाऱ्या स्कॅन प्रतिमांसाठी हेच बरं. तिथे सरसकट तीन प्रती ठेवायचीही गरज नसते. माहितीचे १० तुकडे करून त्यांत हिशेबाचे ४ जोडले, तर १४ पैकी कोणतेही १० मिळाले की मूळ माहिती परत येते. जागा तिपटीऐवजी १.४ पट लागते.

क्षमतेच्या आकड्यांबाबतही सावध राहावं. पुनरावृत्ती काढून टाकल्याने यंत्रात पाचपट माहिती मावेल, असं माहितीपत्रक सांगतं तेव्हा ते माहितीच्या स्वरूपावर अवलंबून असतं. एकसारख्या आभासी सर्व्हरांच्या प्रती खूप आकसतात, आधीच दाबलेल्या किंवा सांकेतिक केलेल्या फायली जवळजवळ आकसतच नाहीत.

‘क्लाउडवर टाकलं की काळजी मिटली’ हा समज डब्लिनने फार पूर्वीच खोटा ठरवला आहे. ७ ऑगस्ट २०११ रोजी वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने तिथल्या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या एका झोनमधली, म्हणजे डेटा सेंटरांच्या एका स्वतंत्र गटातली, वीज गेली आणि जनरेटर नीट जोडले गेले नाहीत. सुरुवातीला आकाशातल्या विजेला दोष दिला गेला, पुढे वीज कंपनीने ते कारण नाकारलं. ग्राहकांच्या आभासी डिस्कच्या प्रती होत्या, पण त्याच झोनमध्ये. त्यामुळे अनेकांच्या डिस्क एकदमच अडकल्या. त्याच सुमारास स्नॅपशॉटची साफसफाई करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुकीने वापरात असलेले काही ठोकळेही पुसले गेल्याचं उघड झालं. क्लाउडलाही इमारत, रोहित्र आणि वायर लागते. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०२३ मध्ये देशात मोजल्या गेलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली. २०१५ मध्ये हे प्रमाण ५ टक्के होतं. वेगळ्या झोनमध्ये किंवा वेगळ्या देशात प्रत ठेवायची असेल तर ती निवड ग्राहकाने करायची असते आणि तिचे पैसेही त्यालाच मोजावे लागतात.

शेवटचा गैरसमज: बॅकअप किंवा किल्ली हाती आली की काम झालं. १०० टेराबाइट माहिती सेकंदाला १० गिगाबिटच्या वाहिनीवरून एकही अडथळा न येता आणायची म्हटली तरी सुमारे २२ तास जातात. प्रत्यक्षात प्रत्येक सर्व्हर तपासावा लागतो, आधी कोणता उठवायचा याचा क्रम लावावा लागतो, लपलेला हल्लेखोर उरला नाही याची खात्री करावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून लिहिण्या-वाचण्याच्या वेगाबरोबर पूर्ण साठा परत आणण्याची चाचणीही आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी, आणि नंतर ती दरवर्षी करावी. एचएसईला टोळीने २० मे रोजी, हल्ल्यानंतर सहा दिवसांनी, किल्ली फुकट दिली. सगळे सर्व्हर परत मिळाले आणि १,०८७ पैकी १,०७५ अ‍ॅप्लिकेशन्स पुन्हा सुरू झाली, तेव्हा २१ सप्टेंबर उजाडला होता.