फेताकोंप्ली: करार आधी, कल्पना नंतर

‘फेताकोंप्ली’ हा फ्रेंच शब्द राजनैतिक व्यवहारात रुळला आहे. चर्चेआधीच गोष्ट उरकून टाकायची आणि इतरांपुढे ‘झालं ते झालं’ एवढंच ठेवायचं, हा त्याचा अर्थ. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालच्या आजच्या गोंदिया भागाने त्याचा अनुभव घेतला आहे. मार्च 1816 मध्ये दुसरे रघुजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुबळे, म्हणून कारभार चुलतभाऊ आप्पासाहेबांकडे. त्यांनी 27 मे 1816 च्या रात्री इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सशी तैनाती फौजेचा तह गुपचूप केला. वर्षाला साडेसात लाख रुपयांचा बोजा पत्करला. दरबाराला तह उमगला तोवर इंग्रज फौज नागपूरच्या वाटेवर होती. विरोध करायचा तो कशाला?

सही तर भोसल्यांच्याच कारभाऱ्याची, मग लादलं कुणी, असं कुणी विचारेल. पण ज्याच्या महसुलातून फौज पोसायची, त्या वैनगंगेकाठच्या मुलखाला विचारलं कुणी? मला इथे गुप्तता निर्णायक वाटते. तरीही उरकलेली गोष्ट पचतेच असं नाही: दीडच वर्षात खुद्द आप्पासाहेब सीताबर्डीवर इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि 1818 मध्ये गोंदियाजवळच्या कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेलही उठले. दोन्ही उठाव मोडले गेले.