पोलादी पत्र्याचे वय

आमच्या सभासदांपैकी जे बंधू पोलादी पत्र्याचा व्यापार करतात, त्यांना एक अनुभव नवा नाही. वखारीत काही महिने पडून राहिलेला मऊ पत्रा साच्यात दाबताना त्यावर रेघा उमटतात आणि गिऱ्हाईक माल परत करते. वस्तुतः माल खोटा नसतो. त्याचे वय झालेले असते.

अशा पोलादात कार्बन व नत्र यांचे थोडे अणू लोखंडात विरघळलेले असतात व ते विद्युत्‌प्रवाहास अडथळा करतात. कालांतराने ते बाहेर पडून स्फटिकांतील दोषांवर जमतात, किंवा त्यांचे सूक्ष्म कण बनतात. त्यामुळे पत्रा कठीण होतो आणि विद्युत्‌रोध किंचित उतरतो. ही उतरण मोजून पोलादाचे वय ताडता येते. मात्र मोजणी एकाच तपमानास हवी. एका अंशाच्या फरकाने रोध सुमारे अर्धा टक्का बदलतो.

इतर मिश्रद्रव्यांचा गुण निराळा. सिलिकॉन रोध पुष्कळ वाढवते, पण स्वतः विरघळलेलेच राहते. ॲल्युमिनियम नत्राला, तर टायटॅनियम कार्बन व नत्र या दोघांनाही आधीच बांधून ठेवते. म्हणून असा पत्रा सहसा लवकर जुना होत नाही.

यास्तव खरेदीच्या वेळी रासायनिक पृथक्करणाचा दाखला मागावा आणि साधा पत्रा आधी आलेला आधी विकावा, इतकेच आमचे सांगणे आहे.