शांघायमध्ये खिसा रिकामा राहत नाही

शांघायला जायचं ठरलं की चौघांतले तिघे हमखास बजावतात, "तिथे सगळं मोबाइलवर चालतं. चिनी बँकेत खातं नसेल तर पाण्याची बाटलीसुद्धा मिळणार नाही!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता खुलासा करायचाही कंटाळा येतो. तरी एकदा नीट सांगतो.

यातलं अर्धं खरं आहे. भाजीवाल्यापासून मॉलपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागलेले असतात. उरलेलं अर्धं मात्र शिळं झालंय. जुलै २०२३ पासून अलीपे आणि वीचॅट पे या तिथल्या दोन्ही पेमेंट ॲपना परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा १,००० डॉलरवरून ५,००० झाली आणि वर्षाची १०,००० वरून ५०,०००. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अधिभार नाही, त्यापुढे ३ टक्के. चिनी खात्याचा संबंध येतो कुठे?

खरी अडचण आपल्या बाजूची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड हाती येतं ते परदेशी वापरासाठी बंद असलेलंच. ते आपणच बँकेच्या ॲपमधून चालू करायचं असतं. वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, म्हणून भिस्त अलीपेवर ठेवा. पासपोर्टची पडताळणी आणि कार्डजोडणी घरी बसूनच उरका. तिकडे ओटीपीसाठी आपलं सिम चालू असावं लागेल, हेही लक्षात असू द्या. यूपीआय मात्र गृहीत धरू नका.

"रोख घेतच नाहीत" हीसुद्धा अशीच एक लोणकढी. युआन हे तिथलं कायदेशीर चलन आहे, ते नाकारणं बेकायदा आहे आणि तिथली मध्यवर्ती बँक नकार देणाऱ्यांना दंड करते. दुकानदार नाकारणार नाही, पण शंभराची नोट पुढे केली की सुट्ट्यासाठी शोधाशोध होते. दहा-वीसच्या थोड्या नोटा जवळ असल्या की पुरे.

बाकीचं झटपट. व्हिसाशिवाय २४० तास राहण्याची सवलत ठरावीक देशांच्या प्रवाशांना आहे, त्यात भारत नाही. तेव्हा आधी व्हिसा, मग तिकीट. गूगल हॉटेलच्या वायफायवर उघडत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर बहुधा उघडतं. पण त्याचा नकाशा काहीशे मीटर चुकतो, गल्लीबोळांत त्याच्या नादी लागू नका. शाकाहारी उपाशी राहतो म्हणणाऱ्यांना सांगा, शांघायचं गोंगदेलिन हे शाकाहारी उपाहारगृह १९२२ पासूनचं आहे. साध्या खानावळीत मात्र विचारूनच घ्या, भाजीत डुकराचा खिमा निघू शकतो. आणि भाषा येत नाही म्हणून मेट्रो टाळू नका, ८०० किलोमीटरहून मोठ्या त्या जाळ्यात पाट्या इंग्रजीतही आहेत.

निघण्याच्या आठवडाभर आधी कार्डाचं ते परदेशी वापराचं बटण तेवढं चालू करा.